तिसऱ्या मजल्यावरचा उकिरडा

वाई तालुक्यातल्या आमच्या गावी घरामागे परडं होतं आणि परड्याच्या कोपऱ्यात उकिरडा. गोठ्यातलं शेण, बैलांनी उष्टावलेला कडबा, चुलीतली राख, भाजीचे देठ, शेंगांची टरफलं, सगळं तिथे जायचं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून गेलो की शेणाची पाटी टाकून यायचं काम माझ्याकडे असे. पहिल्या दिवशी मी नाक दाबून जायचे, चौथ्या दिवशी त्याचं काही वाटेनासं व्हायचं. मृगाच्या आधी आजोबा उकिरडा उपसायला काढायचे. वरचा ओला थर बाजूला सारला की खाली काळं, भुसभुशीत, हाताला गार लागणारं खत असायचं. ते बैलगाडीत भरून शेतात न्यायचं, ढीग घालायचे, मग पाटीने पांगवायचं. यंदा किती गाड्या खत निघालं, हे आल्यागेल्याला अभिमानाने सांगितलं जायचं.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या उकिरड्याचे दरवर्षी फिटायचे.

पुण्यात हा शब्द मी फक्त आई रागावली की ऐकला. ‘खोलीचा नुसता उकिरडा करून ठेवलायस.’ कोथरूडला आम्ही राहायला आलो तेव्हा पौड रस्त्याला पुढे शहराचा कचरा डेपो होता. वारा तिकडून आला की आई भराभर खिडक्या लावायची. पुढे शहराचा कचरा लांब, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत जायला लागला आणि आमच्या खिडक्या उघड्या राहू लागल्या. कोथरूडच्या त्या जुन्या डेपोच्या जागेवर आज मेट्रोचे डबे उभे असतात. आपल्याकडचा वास गेला म्हणजे प्रश्न मिटला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो वास दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाच्या आईच्या खिडकीशी गेला होता. त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं, डेपोला आगी लागल्या, धूर झाला. 2017 च्या उन्हाळ्यात त्या गावांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराच्या पेठांमधून कचरा साचला, तेव्हा आम्ही नाकाला रुमाल लावून ‘आता काय करायचं’ म्हणत होतो. ती गावं हेच कित्येक वर्षं म्हणत होती.

मला हे तेव्हाही कळलं नव्हतं. कळलं ते एका फुटलेल्या बरणीमुळे.

लोणच्याची काचेची बरणी हातातून निसटून ओट्याखाली फुटली. तुकडे गोळा केले, वर्तमानपत्राच्या एका पानात गुंडाळले आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकले. त्याच पिशवीत आदल्या रात्रीचं खरकटं होतं, मेथीचे देठ होते, दोन दुधाच्या पिशव्या होत्या, कुरिअरचा खोका होता. वर घट्ट गाठ मारली आणि सकाळी दाराबाहेर ठेवली. अर्ध्या तासाने बेल वाजली. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. उजव्या हाताला ओढणीचा तुकडा गुंडाळलेला, त्यातून रक्त येत होतं.

‘काच होती का ताई आत?’

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांना बसवलं, जखम धुतली, औषध लावून पट्टी बांधली. दोन टाके पडतील इतकी खोल होती. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, अजून दोन इमारती राहिल्यात. मी कळवळून म्हटलं, मावशी, मी कागदात गुंडाळून टाकली होती हो. त्या म्हणाल्या, ‘गुंडाळली होती, पण गाठ सोडावी लागतीच ना. आत दुधाच्या पिशव्या असत्यात, पुठ्ठा असतो. त्याच्यावरच आमचं हाय.’

मी इतकी वर्षं समजत होते की पिशवीला गाठ मारली की माझं काम संपलं. त्यांचं काम त्या गाठीपासून सुरू होत होतं. मी एकत्र केलेलं सगळं त्यांना हातांनी पुन्हा वेगळं करावं लागत होतं, कारण पुठ्ठ्याला आणि प्लास्टिकला भंगारवाल्याकडे भाव मिळतो आणि डाळ सांडलेल्या पुठ्ठ्याला मिळत नाही. मी रोज सकाळी त्यांची कमाई खरकट्यात भिजवून त्यांच्या हातात देत होते.

त्या ‘स्वच्छ’च्या सभासद आहेत, हे मला त्या दिवशी विचारल्यावर कळलं. कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची ही सहकारी संस्था, 2008 पासून पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. तिच्याही आधी, 1993 मध्ये, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात उभी राहिली. पाठीशी बाबा आढाव होते. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण होत्या. तोवर या बाया कचराकुंडीत उतरून वेचायच्या, कुत्री अंगावर यायची, चोर समजून हटकलं जायचं. संघटनेने त्यांना ओळखपत्र मिळवून दिलं. मावशींची आई 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आली आणि तिने वेचायला सुरुवात केली. मावशींनी ते ओळखपत्र मला दाखवलं. आईचं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कागदात, कागद डब्यात. इतकं जपून मी माझं कुठलंच प्रमाणपत्र ठेवलेलं नाही.

त्या आठवड्यात मी ठरवलं की ओला कचरा घराबाहेर पाठवायचाच नाही. शहरात राहणाऱ्या माणसाने निसर्गासाठी काय करावं याच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. दिवे बंद करा, नळ बंद करा, झाडं लावा, बसने जा. सगळं खरं आहे आणि यातलं जमेल ते मी करते. पण मला कुणी एकच गोष्ट सांग म्हटलं तर मी हीच सांगेन. घरातला ओला कचरा घरात जिरला की उरलेला सगळा कचरा कोरडा राहतो. कोरड्या कचऱ्याला वास नसतो, त्याला माश्या लागत नाहीत, तो चार दिवस ठेवता येतो, विकता येतो, आणि तो उचलणाऱ्याचा हात घाण होत नाही.

सुरुवात फसली. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली आणली, तळाला आणि कडेला भोकं पाडून घेतली, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरल्या आणि भाजीची सालं टाकायला लागले. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर नाकातोंडात जाईल असा दर्प. चिलटांचा ढग उठला. बादलीखालच्या ताटलीत काळं पाणी साचलं होतं. घरात सगळ्यांनी एकमताने सांगितलं की हे आजच्या आज बंद. मी झाकण लावून बाल्कनीत जमिनीवर बसून राहिले आणि मला आजोबांचा उकिरडा आठवला. तो कधीच असा कुजकट घाणत नव्हता. का? त्यात कडबा होता, राख होती, पाचोळा होता. कोरडं होतं! माझ्या बादलीत नुसतं ओलं होतं. ओल्याने हवेची वाट बुजते, हवा नसली की सडतं, आणि जे सडतं ते घाण मारतं. मोठ्या प्रमाणावर कचरा डेपोत हेच होतं: डोंगराएवढ्या ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 28 पट भारी पडतो. डेपोच्या आगींनाही तोच खाद्य पुरवतो.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या आवारातून पोतंभर सुका पाला गोळा करून आणला. एक वाटी कचरा टाकला की दोन वाट्या चुरलेला पाला. रोज एकदा काठीने खालीवर. विरजण म्हणून आठवड्यातून एकदा वाटीभर आंबट ताक. चार दिवसांत वास गेला. ओल बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण फार सोपी आहे: मूठभर घेऊन दाबायचं, लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. फुटला तर पाण्याचा शिपका द्यायचा, गळलं तर आणखी पाला. लिंबाच्या साली बेतानेच टाकायच्या, तेलकट रस्सा निथळून टाकायचा, आणि चिरणं जितकं बारीक तितकं लवकर जिरतं. पावसाळ्यात एकदा जाड, चपट्या, करड्या अळ्या झाल्या तेव्हा माझीही छाती धडधडली. त्या ब्लॅक सोल्जर नावाच्या माशीच्या असतात, घरमाशीसारखी ती अन्नावर घोंघावत नाही, आणि तिच्या अळ्या कचऱ्याचा असा फडशा पाडतात की बघत राहावं. आता त्या दिसल्या की मी झाकण हळूच लावते.

महिनाभर मी काट्यावर वजन करून लिहून ठेवलं. तीन माणसांच्या घरात दिवसाला सरासरी साडेसहाशे ग्रॅम. वर्षाला सव्वादोनशे किलोच्या वर. आमच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत. सगळी आमच्यासारखीच धरली तर वर्षाला साडेपाच टनांहून जास्त, एका छोट्या इमारतीचा. शहर रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा काढतं ते कुठून येतं, याचा मला पहिल्यांदा अंदाज आला. आणि माझी बादली? महिनाभर रोज भरूनही भरेना. वरून टाकावं आणि खालून बसत जावं. त्यातलं पुष्कळसं पाणीच असतं, ते उडून जातं. सव्वादोनशे किलोतून वर्षाअखेर हाताला लागतं ते जेमतेम तीन-चार पोती भुसभुशीत काळं सोनं.

ओलं बाजूला झाल्यावर सुक्याकडे नीट लक्ष गेलं. दुधाच्या पिशवीचंच घ्या. आपण सगळ्या घरांत वर्षानुवर्षं कात्रीने तिचा कोपरा कापतो आणि तो तिरका तुकडा सिंकमध्ये किंवा कचऱ्यात जातो. पिशवी धुऊन, फरशीवर चिकटवून, वाळवून रद्दीवाल्याला देणाऱ्या माझ्या आईचाही तो तुकडा कचऱ्यातच जायचा. नखाएवढा तुकडा. तो कुणी वेचत नाही, वेचताच येत नाही. तो गटारात जातो, मातीत जातो, मुठा नदीत जातो. कोपरा पूर्ण न कापता एका बाजूला जोडलेला ठेवला की दूध तसंच पडतं आणि तुकडा पिशवीबरोबरच राहतो. हे करायला एक पैसा लागत नाही, एक मिनिट लागत नाही. मी हे ज्यांना ज्यांना दाखवलं त्यातल्या एकानेही नाही म्हटलेलं नाही.

वेफर्सची चकचकीत पाकिटं ही दुसरी गोष्ट. मावशींनी सांगितलं की ती भंगारवाला हातात धरत नाही. प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना इतके चिकटवलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही. ती धुवा, वाळवा, वेगळी ठेवा, काही उपयोग नाही. त्यावर उपाय दुकानातच, हात आखडता घेणं. आम्ही पुन्हा डब्यात चिवडा भरायला लागलो.

आणि लाल ठिपका. सॅनिटरी पॅड, डायपर, जखमेच्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि वर लाल रंगाने मोठा ठिपका काढायचा. तो दिसला की वेचणारी ती पुडी उघडत नाही. एवढाच त्याचा अर्थ. आपल्या अंगावरच्या रक्ताला दुसऱ्या बाईने उघड्या हातांनी शिवू नये, यासाठी एका ठिपक्याचे कष्ट. माझ्या मुलीला मी हे तिच्या पहिल्या पाळीलाच शिकवलं, बाकीच्या गोष्टींच्या बरोबरीने. फुटलेली काच आता आमच्याकडून पत्र्याच्या डब्यात, वर ‘काच’ लिहून, मावशींच्या हातात जाते.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली. बंदी कागदावर किती आणि मंडईत किती, हे आपण सगळे बघतो आहोत. मी एवढंच म्हणेन की पिशवी मागायची वेळ येऊ द्यायची नाही. आईच्या जुन्या सुती साडीच्या सहा पिशव्या शिवून घेतल्या, दोन कायम गाडीच्या डिकीत असतात. भाजीवाल्या काकांना सवय झाली आहे. ‘ताई, धरा,’ म्हणतात आणि तागडीतून आधी बटाटे-कांदे सोडतात, मग काकडी, भेंडी, वर टोमॅटो, आणि कोथिंबिरीची जुडी सगळ्यांत शेवटी माझ्या हातात देतात. घरी येऊन मोठ्या परातीत सगळं ओतायचं आणि निवडायला बसायचं. आजीही बाजारातून आली की असंच करायची.

सोसायटीला पटवायला तीन वर्षं लागली. उंदीर येतील, डास होतील, वास येईल, घरांचे भाव पडतील; सभेत हे सगळं ऐकलं आणि यातलं काहीच मूर्खपणाचं नव्हतं, कारण त्यांनी शहरात बघितलेला प्रत्येक कचरा घाणच मारत होता. मी वाद घालणं सोडलं आणि एका रविवारी तयार खताची परात खाली नेऊन ठेवली. एका आजोबांनी मूठ भरून घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, ‘अगं, हे तर शेतातलं आहे.’ पुढच्या सभेत ठराव त्यांनीच मांडला. आता मागच्या भिंतीलगत विटांची जाळी सोडून बांधलेले दोन हौद आहेत. एक भरेपर्यंत दुसरा पिकतो. थंडीत सकाळी हौद खालीवर केला की आतून वाफ निघते. मोठा ढीग आतून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो आणि रोगजंतू, तणाचं बी त्यातच मरतं. घूस एकदा आली होती. तळाला बारीक जाळी ठोकल्यावर पुन्हा आली नाही.

हौदामुळे पानं जाळणंही थांबलं. आमच्या आवारात बदाम आहे, शिरीष आहे, एक जुना पिंपळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की पूर्वी रोज सकाळी ढीग पेटायचा आणि खालच्या मजल्यावरच्या दम्याच्या आजी दारं लावून खोकत बसायच्या. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला 5 हजार रुपये दंडही ठरवला, तरी ढीग पेटतच होते. पाला ठेवायला जागा नसली तर झाडणारा माणूस करणार काय? आता तो पाला आम्हाला पुरत नाही. शेजारच्या दोन सोसायट्या पोती भरून आणून देतात. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राऊन लीफ’ने हेच मोठ्या प्रमाणावर केलं: ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांना, ज्यांना हवा आहे त्यांच्याशी जोडून दिलं.

गणपती आम्ही शाडूचा आणतो आणि बादलीत विसर्जन करतो. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेला गाळ जास्वंदीच्या कुंडीत जातो, निर्माल्य हौदात. समोरच्या घरी परंपरेने मोठी मूर्ती असते, प्लास्टर ऑफ पॅरिसची. ती पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची रीत सांगितली. ती पावडर मिसळलेल्या पाण्यात मूर्ती सावकाश विरघळते, खाली खडूसारखी चुनखडी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, म्हणजे खतच. शेजाऱ्यांनी ते पाणी पातळ करून बागेला घातलं. बाप्पा नदीत गेले नाहीत म्हणून त्यांच्या आईंना आधी रुखरुख लागली होती. मग त्यांनी भाद्रपदातली मुठा पुलावरून बघितली.

लोक विचारतात की कारखाने, धरणं, विमानं इतकं काही करत असताना तुझ्या बादलीने काय होणार. हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. महापालिकेने करायची कामं महापालिकेलाच करावी लागतील, कारखान्यांना कायद्यानेच वेसण घालावी लागेल, आणि माझ्या बादलीमुळे त्यांना सूट मिळता कामा नये. उलट मी आता वॉर्ड ऑफिसात जास्त हक्काने भांडते. पण बादली मी हवामानासाठी सुरू केली नव्हती. मावशींच्या हातासाठी केली होती. त्यांच्या तळहातावर तो व्रण अजून आहे, अंगठ्याच्या मुळापासून आडवा. रोज सकाळी पुठ्ठ्यांचा गठ्ठा त्या त्याच हाताने उचलतात. आमच्या इमारतीत पूर्वी त्यांचा दीड तास जायचा, आता वीस मिनिटांत होतं. मागच्या वर्षी त्यांनी दोन पोती खत गावी पाठवलं, भावाच्या डाळिंबाला.

परवा मोठी बादली चाळायला घेतली. पिठाची जुनी चाळण, खाली वर्तमानपत्र. काळी माती झरझर खाली पडली आणि वर उरलं ते असं: आंब्याच्या तीन कोयी, नारळाच्या शेंडीचे धागे, सफरचंदावरची दोन गोल लेबलं, चहाच्या पुडीची पिन, आणि दिवाळीपासून सापडत नसलेला एक चमचा. लेबलांच्या खाली दुधाच्या पिशवीचा एक तिरका कोपरा. दिवाळीत पाहुणे होते, त्यांच्यापैकी कुणीतरी चहा करताना कापला असावा. सहा महिन्यांत त्याच्याभोवतीचं सगळं माती झालं होतं; त्याचा पांढरा रंगही उतरला नव्हता. मी तो नळाखाली धुतला, वाळायला फरशीवर चिकटवला आणि कोयी पुन्हा बादलीत टाकल्या.